ताईचा भाव

माझी ताई चित्र काढायला बसली की शेजारी छप्पर कोसळलं तरी तिला पत्ता लागत नाही. पण त्याच चित्राचे किती द्यायचे, असं कुणी विचारलं की तिचे कान लाल व्हायचे आणि जमिनीकडे बघत ती पुटपुटायची, "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या." लोकांना योग्य काय वाटतं, याचा मला दांडगा अनुभव आहे. मी बुटांच्या दुकानात काम करते.

ताई बरीच वर्षं एका जाहिरात कंपनीत होती. तिथे पैशांचं बोलायला टाय लावलेली वेगळी माणसं होती. ताईने फक्त काढायचं. साबणाची वेष्टनं, बिस्किटांचे पुडे, दुकानांच्या पाट्या. मग मालकांनी कंपनी विकली आणि नव्या मालकांनी ताईचा अख्खा विभागच बंद केला. त्या दिवशी ती घरी आली ती आपली फिरती खुर्ची रस्त्याने ढकलत, खुर्चीत एक कुंडी बसवून. आईने दार उघडलं, खुर्चीकडे पाहिलं आणि विचारलं, "हे बक्षीस की शिक्षा?"

"दोन्ही," ताई म्हणाली. "आई, आता मी कुणाची नोकरी करणार नाही. स्वतःची कामं घेणार. घरूनच."

आम्ही घरात तिघीच. बाबा आमच्या शाळेच्या दिवसांतच गेले. आई टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती, आता निवृत्त. ताईसाठी आम्ही मागची खोली रिकामी केली. इस्त्रीचं टेबल, सुटकेसांची चळत आणि मी हौसेने घेतलेली व्यायामाची सायकल बाहेर आली, खुर्ची, कुंडी आणि कॉम्प्युटर आत गेला. खिडकीतून सकाळी चांगला उजेड यायचा. ताई इतकी खूश होती की पहिल्या दिवशी ती घरातल्या घरात बूट घालून कामाला गेली.

कामं यायला वेळ लागला नाही, कारण फुकट काम करणाऱ्या माणसाची कीर्ती वाऱ्यावर पसरते. सर्वांत आधी आला मामेभाऊ. त्याने व्यायामशाळा काढली होती. "ताई, आपलंच घर आहे, पाटी करून दे," म्हणाला. पाटी झाली. मग त्याला टी-शर्टवर चित्र हवं झालं, मग पाण्याच्या बाटलीवर. मोबदला म्हणून त्याने ताईला व्यायामशाळेचं महिनाभराचं सभासदत्व दिलं. ते ताईने मला दिलं. मी एक दिवस गेले आणि पुढचे चार दिवस दुकानात गिऱ्हाइकाच्या पायाशी बसले की उठवायला दुसरं माणूस लागायचं.

मग आला जनावरांचा डॉक्टर. त्याला दवाखान्यासाठी लोगो हवा होता. माणूस गोड, बोलणं गोड. ताईने एक बसका, कान पाडलेला कुत्रा काढला. चारच रेघा, पण बघणाऱ्याला वाटावं, याला उचलून घ्यावं. डॉक्टर म्हणाला, "वा! फक्त बायकोला दाखवतो." बायकोला कुत्रा उदास वाटला. ताईने त्याला हसवला. डॉक्टरच्या बहिणीला वाटलं, मांजरवाले लोक नाराज होतील. शेजारी मांजर आली. सासरेबुवांनी विचारलं, "पोपटाने काय घोडं मारलंय?" पोपटही आला. दवाखान्यातल्या मदतनिसाला रंग आवडला नाही. ताईच्या कॉम्प्युटरवर फाइलींची नावं वाचून मी पोट धरून हसले. 'कुत्रा शेवटचा', 'कुत्रा शेवटचा खरा', 'कुत्रा शेवटचा शपथ', 'कुत्रा आता पुरे'.

ताई हसत नव्हती. डोळे चोळत होती.

शेवटी सगळ्या कुटुंबाने एकमताने निवड केली ती अगदी पहिल्या कुत्र्याची. आणि 'योग्य वाटेल ते' म्हणून डॉक्टरने घरी काय पाठवलं? कुत्र्यांच्या खाद्याचं पोतं. उत्तम प्रतीचं.

आमच्याकडे कुत्रा नाही.

पोतं दाराशी उभं होतं आणि आम्ही तिघी त्याच्याभोवती. "घरचं झालं थोडं आणि डॉक्टरने धाडलं पोतं," आई म्हणाली. "निदान सोबत कुत्रा तरी पाठवायचा." आम्हाला हसू आवरेना. पण हसता हसता ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. ती म्हणाली, "मला हे जमणार नाही गं. काम जमतं. धंदा जमत नाही."

तेव्हा मला युक्ती सुचली. आम्हा दोघींचा आवाज हुबेहूब आईवर गेलाय. फोनवर कोण बोलतंय ते आमच्या मावशीलाही कळत नाही, ती आधी नाव विचारून घेते आणि मगच चुगली सुरू करते. मी म्हटलं, "ताई, तू काढ. फोनवर तुझ्या नावाने मी बोलते. भाव सांगायची मला सवय आहे."

ताईने आढेवेढे घेतले, पण डॉक्टरचं पोतं समोरच होतं.

पहिला फोन खेळण्यांच्या दुकानदाराचा. त्याला खोक्यांवर चित्रं हवी होती. मी श्वास घेतला आणि चांगल्या चामड्याच्या बुटांचे सहा जोड येतील एवढा आकडा सांगितला. शेजारी ताई उशीत तोंड खुपसून बसली होती. पलीकडून आवाज आला, "ठीक आहे. कधी सुरू करताय?" मी फोन ठेवला आणि आम्ही दोघी पलंगावर अशा नाचलो की खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.

झालं, माझ्या डोक्यात हवा गेली. पुढचा फोन होता एका मेणबत्त्या बनवणाऱ्या बाईंचा. हळू बोलणाऱ्या, विचारून विचारून पाऊल टाकणाऱ्या. मी त्यांना दुकानातला माझा ठेवणीतला सूर लावला. "या किमतीत दुसरीकडे मिळणार नाही बरं का. आणि पुढच्या आठवड्यात भाव वाढतायत." बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "मग मी अंधारातच बरी," आणि फोन ठेवला.

मला वाटलं ताई म्हणेल, जाऊ दे. पण ती पांढरीफटक पडली. "त्यांच्या मेणबत्त्या मी बाजारातून आणल्या होत्या," ती म्हणाली. "त्यांनी प्रत्येकीच्या तळाशी बोटाचा ठसा उमटवलाय. मला त्या ठशाचंच चित्र करायचं होतं. तू बूट विकत होतीस गं. त्यांना माझ्याशी बोलायचं होतं."

त्यानंतर ती माझ्यावर रुसली. मुळातच ती कमी बोलते, त्यामुळे रुसलीय हे कळायलाच मला एक दिवस गेला. मी माफी मागितली, पण फोनचा कारभार काही सोडला नाही. ताईही दे म्हणेना. असं लोंबकळतच चाललं होतं, आणि एक दिवस दारावरची बेल वाजली.

दारात एक धिप्पाड माणूस उभा होता. भुवयांवर पीठ. "मी बेकरीवाला," तो म्हणाला. "मला फक्त एक सांगा. या घरात नेमक्या बायका किती आहेत?"

आईने आणि मी एकमेकींकडे बघितलं. मागच्या खोलीतून ताई डोकावली.

"काल सकाळी मी फोन केला तेव्हा बाईंनी एक आकडा सांगितला," बेकरीवाला म्हणाला. "बायकोशी बोलून दुपारी पुन्हा केला, तर त्याच बाई, त्याच आवाजात, त्याच्या निम्म्याने म्हणाल्या, आणि वर म्हणाल्या, तेही जास्त वाटत असतील तर राहू द्या. संध्याकाळी केला तर त्याच बाई म्हणाल्या, 'लाइनवर थांबा,' आणि मी थांबलोच. माझे पाव करपले."

सकाळची मी. दुपारची ताई, चुकून फोन उचललेली. संध्याकाळची कोण, ते आईच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. "लाइन व्यस्त होती," आई सवयीने म्हणाली.

बेकरीवाल्याने तिघींकडे आळीपाळीने बघितलं आणि तो एकदम गडगडून हसला. भुवयांवरचं पीठ खाली पडलं. "बरं. यातली चित्र काढणारी कोण?"

मी आणि आईने एकाच वेळी ताईकडे बोट दाखवलं.

ताई त्याला मागच्या खोलीत घेऊन गेली. दार लावलं. आई आणि मी दाराला कान लावून उभ्या राहिलो. आईने तर चष्माही काढला, म्हणे ऐकू नीट येतं.

आत आधी खुर्ची सरकवल्याचा आवाज. मग ताईचा बारीक आवाज. "तुमचा पाव कोण घेतं?"

"सगळेच घेतात की."

"सर्वांत आधी कोण येतं? दुकान उघडल्या उघडल्या?"

"नर्स येतात. समोर हॉस्पिटल आहे. रात्रपाळी संपली की येतात."

"पाव घरी नेतात?"

"कसल्या नेतात! भुकेल्या असतात. चालता चालताच तोडून खातात."

"म्हणजे एका हातात पर्स," ताई म्हणाली, "मग पिशवी एका हाताने उघडता यायला हवी. आणि झोप आलेल्या डोळ्यांना भडक रंग टोचेल."

यावर बेकरीवाला जो बोलायला लागला तो थांबेना. वडिलांनी भट्टी कशी बांधली, कुठली नर्स निवृत्त झाल्यावरही रोज येते, गोड पाव कुठल्या दिवशी उरतो. ताई मधूनच एखादा प्रश्न विचारायची. मी इतक्या वर्षांत तिला एवढे प्रश्न विचारताना ऐकलं नव्हतं. मग खुर्ची करकरली आणि बेकरीवाला म्हणाला, "तर बाई, दोन्हींतला खरा आकडा कुठला?"

मी डोळे मिटले. आईने माझा दंड धरला. आता ती म्हणणार, योग्य वाटेल ते द्या. आता आणखी एक पोतं येणार.

ताईने आकडा सांगितला. माझा नाही आणि तिचा दुपारचाही नाही. मधला, पण माझ्याच्या जवळचा. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते.

आणि मग ती गप्प बसली.

आतली शांतता लांबत गेली. मला दाराबाहेरून ओरडावंसं वाटत होतं, 'अगं बोल काहीतरी! थोडं कमी कर! नाही तर समजावून सांग!' आईने माझ्या तोंडावर हात ठेवला.

"म्हणजे यात पिशव्या, पाटी आणि गाडीवरचं चित्र, तिन्ही आलं?" बेकरीवाल्याने विचारलं.

शांतता.

"नाही, म्हणजे गाडीचं काम मोठं. ते वेगळं धरायला हवं, मलाही कळतं."

शांतता.

"आणि निम्मे आधी देऊन ठेवतो. चालेल ना?"

"चालेल," ताई म्हणाली.

तो गेल्यावर ताई खोलीतून बाहेर आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. "मी काही केलं नाही गं," ती म्हणाली. "आकडा सांगितला आणि जीभ टाळ्याला चिकटली. मी तर तोंडातल्या तोंडात 'राहू द्या' म्हणायचा प्रयत्न करत होते. ते बाहेरच पडेना."

आई हसून हसून बेजार झाली. "आम्हाला ऑफिसात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं," ती म्हणाली, "आपलं बोलून झालं की लाइन मोकळी ठेवायची. मधे मधे बोललं की जोडलेला फोन तुटतो."

मी दुकानात दिवसभर बोलते. त्या दिवशी घरी मला पहिल्यांदाच शंका आली, की काही गिऱ्हाइकं बूट न घेता जातात ती माझ्या बोलण्यामुळे तर नाही?

त्या दिवसापासून फोनचा कारभार ताईने स्वतःकडे घेतला. पण एक आकडा सांगता आला म्हणून धंदा येत नाही, हे तिला माहीत होतं. तिच्या जुन्या कंपनीतला एक छायाचित्रकार खूप आधी नोकरी सोडून बाहेर पडला होता. ताई त्याच्याकडे चहाला गेली आणि दुपारभर त्याचं डोकं खाऊन आली. तो म्हणाला, "लोक वाईट नसतात. त्यांना कुंपण दिसत नाही म्हणून ते आत येतात. कुंपण आधी दाखव. काम सुरू करताना निम्मे पैसे. किती वेळा बदल करून देणार ते आधीच सांग. आणि हे सगळं कागदावर. सही घेऊन."

"मला तसला वकिली कागद लिहिता येत नाही," ताई म्हणाली.

"मग तुला काय येतं?" त्याने विचारलं.

घरी येऊन ताईने कागद लिहिला नाही, काढला. पहिल्या चौकटीत एक झुबकेदार केसांचा कुत्रा. पहिला बदल, म्हणून न्हावी त्याचे केस कापतोय, कुत्रा छान दिसतोय. दुसरा बदल, केस आणखी बारीक, कुत्रा जरा काळजीत. तिसरा बदल, कुत्रा साफ टकला, थंडीने कुडकुडतोय, आणि खाली एकच ओळ. 'दोन बदल आमच्याकडून. त्यापुढे कुत्र्याच्या स्वेटरचे पैसे पडतील.' तसंच निम्मे पैसे आधी का, घाईचं काम महाग का, सगळं चित्रात. अगदी खाली घरच्यांसाठीही एक चौकट होती. 'नातेवाईकांना भाव तोच. चहा मात्र दोनदा.'

लोक तो कागद वाचत आणि हसत हसत सही करत. मामेभावाने नव्या शाखेसाठी काम आणलं तेव्हा शेवटची चौकट वाचून त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "दोनदा चहा म्हणजे आता एकदा कर." आणि सही केली. पैसेही वेळेवर दिले. मामीने सांगितलं, तो सगळ्यांना ऐकवत फिरतो, माझी बहीण फार महागाची आहे.

मेणबत्तीवाल्या बाईंकडे मात्र ताई फोन न करता स्वतः गेली. मलाही सोबत घेऊन गेली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली होती, तारेवर उलट्या टांगलेल्या मेणबत्त्या आणि मधाचा वास. ताईने सरळ सांगून टाकलं. "त्या दिवशी फोनवर मी नव्हते, ही माझी बहीण होती. मला बोलायची भीती वाटायची." मी मान खाली घालून उभी. बाईंनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "आवाज सारखाच आहे," त्या म्हणाल्या, "पण घाई हिची होती." मग त्यांनी ताईला स्टूल दिलं आणि मला एक डबा, सुरकुतलेल्या वाती सरळ करायला. त्या दोघी ठशाबद्दल बोलत राहिल्या, मी वाती ओढत राहिले. काम ताईलाच मिळालं. आकडा लहान होता, कारण कारखाना लहान होता, आणि तो ताईने विचार करून लहान ठेवला होता. घाबरून नाही. त्या दोन्हींतला फरक मला परत येताना तिच्या चालण्यात दिसला.

जनावरांचा डॉक्टरही पुन्हा आला. त्याने कुणाकडे तरी तो टकल्या कुत्र्याचा कागद पाहिला होता. "हे मला दवाखान्यात मोठं करून लावायचंय," तो म्हणाला. "बसलेल्या लोकांना हसू येईल." आपल्यावरूनच ते चित्र निघालंय, याचा त्याला पत्ताच नव्हता. ताईने त्याला आकडा सांगितला आणि लाइन मोकळी ठेवली. डॉक्टरने खिशात हात घालता घालता विचारलं, "आणि ते खाद्य आवडलं का हो तुमच्या कुत्र्याला?"

"खालच्या मजल्यावरच्यांच्या कुत्र्याला फार आवडलं," ताई म्हणाली. तिचे कान जरासुद्धा लाल झाले नाहीत.

गेल्या वर्षी मुलांच्या वाचनालयाचं काम आलं. आजवरचं सर्वांत मोठं. तीन मजल्यांची जुनी इमारत, नव्याने रंगवलेली, आणि आत मुलं हरवायची. कुठल्या खोलीत काय आहे ते दाखवणाऱ्या पाट्या हव्या होत्या. एका लांब टेबलामागे समितीतली माणसं ओळीने बसली होती आणि ताई समोर एकटी. अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही आधी नमुना म्हणून एक मजला करून दाखवा. आवडला तर पुढचं बघू."

ही सगळी हकिकत मला ताईनेच सांगितली, त्यामुळे शब्द तिचे आहेत. ती म्हणाली, "नमुन्याचं काम हेही कामच असतं. मी आधी केलेली कामं तुम्हाला दाखवते, ती बघून ठरवा. पण त्याआधी मला एक दिवस मुलांमध्ये बसू द्या. मग सांगते कसं करायचं आणि किती लागतील."

आणि ती खरोखर दिवसभर वाचनालयात बसली, जमिनीवर. तिला दिसलं की लहान मुलं वर बघतच नाहीत. पाट्या त्यांच्या डोक्यावरून जातात. ती खाली बघतात, फरशीकडे. म्हणून ताईने पाट्या फरशीवर उतरवल्या. दारापासून मासे निघतात ते समुद्राच्या पुस्तकांपर्यंत पोहत जातात. पक्ष्यांच्या पावलांचे ठसे जिन्यावरून वर उडत्या गोष्टींच्या पुस्तकांकडे. मुंग्यांची एक रांग आहे ती सरळ स्वच्छतागृहाकडे जाते, तिथे घाई असते म्हणून. समितीने आकडा ऐकला, आपापसात कुजबुज झाली, आणि मंजूर झाला.

उद्घाटनाच्या सकाळी आम्ही तिघी गेलो. भाषणं चालू होती, पण पोरांनी कुणाचं ऐकलं नाही. एक गोबरी मुलगी रांगत रांगतच माशांच्या मागे निघाली, प्रत्येक माशाला हात लावत. वळणावर एक मासा उलटा पोहतो, ताईने मुद्दाम काढलेला. तिथे ती थांबली, मागे वळून तिने आपल्या बाबांना बोलावलं आणि म्हणाली, "हा चुकलाय!" बाबाही गुडघ्यावर बसले. मग आणखी मुलं आली. बघता बघता उलट्या माशाभोवती गर्दी झाली आणि त्याने परत फिरावं की नाही यावर जोरात वाद सुरू झाला. ताई खांबाआड उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी इतक्या जवळून आधी पाहिलं नव्हतं, आणि मी तिच्यासोबत एकाच खोलीत वाढलेय.

अध्यक्षबाई तिला शोधत आल्या. शेजारच्या पोहण्याच्या तलावाचा व्यवस्थापक त्यांच्यासोबत होता. त्याला भिंतीवर काहीतरी हवं होतं. "साधारण किती लागतील?" त्याने उभ्या उभ्याच विचारलं.

"आधी मला सांगा," ताई म्हणाली, "पाण्याला सर्वांत जास्त कोण घाबरतं?"

व्यवस्थापक विचारात पडला. आई मला हळूच म्हणाली, "चल, आता याला वेळ लागणार." आम्ही बाहेर पायऱ्यांवर उन्हात जाऊन बसलो. थोड्या वेळाने ताई आली, धपकन आमच्यामध्ये बसली आणि तिने पहिलं काय केलं असेल तर पायातले नवे बूट काढून फेकले. माझ्याच दुकानातले होते. मी तिला सांगितलं होतं, अर्धा नंबर मोठा घे म्हणून, पण तिला रंग आवडला होता. तिने पायाची बोटं उन्हात पसरली आणि म्हणाली, "बदलून मिळतील का गं?"

"घातलेले नाही मिळत," मी म्हटलं. "नियम म्हणजे नियम."